पट्टी चमकली नाही म्हणजे पाण्यात पारा नाही, असे नव्हे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाण्यातील विषारी पारा क्षणात ओळखणाऱ्या नव्या रसायनांच्या, कागदी पट्ट्यांच्या आणि मोबाइलला जोडायच्या छोट्या उपकरणांच्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांत वरचेवर येत असतात. बातमीसोबत बहुधा एक छायाचित्र असते. अंधारात धरलेल्या दोन काचेच्या कुप्या, एक निस्तेज आणि दुसरी केशरी उजळलेली. खाली मजकूर असतो, की आता महागड्या प्रयोगशाळेची गरज उरणार नाही आणि गावातले कोणीही आपल्या विहिरीचे पाणी स्वतः तपासू शकेल. या बातम्या खोट्या नसतात. संशोधन खरे असते आणि कुपी खरोखरच उजळते. परंतु बातमीचे शेवटचे वाक्य संशोधकांच्या निष्कर्षाच्या बरेच पुढे जाते. तेथे आपल्या वाचकांनी, विशेषतः पाणीपुरवठ्याचे निर्णय घेणाऱ्या ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या पदाधिकाऱ्यांनी जरा थांबावे, म्हणून हा पत्रप्रपंच. माझ्या नोकरीची सारी वर्षे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या विश्लेषणात गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. पत्र लांबले आहे, ते सांभाळून घ्यावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, अशी चाचणी 'पारा आहे' असे सांगत असेल तर ती धोक्याची सूचना म्हणून अवश्य घ्यावी; पण ती काहीच सांगत नसेल, तर तो पाण्याला मिळालेला दाखला समजू नये. हे असे का, ते समजण्यासाठी कुपीत काय घडते ते पाहावे लागते, आणि ते पाहण्यासारखे आहेही.

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच दुसऱ्या, अधिक लांब लहरींच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. फ्लुओरेसन्स हे त्याचे इंग्रजी नाव जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये रूढ केले. नोटेवरचे जे धागे बँकेतल्या जांभळ्या दिव्याखाली चमकतात, ते याच गुणधर्मामुळे. आता अशा चमकणाऱ्या रेणूला पारा ओळखायला लावायचे, तर पहिली अडचण खुद्द पाऱ्याचीच येते. पाऱ्याचा अणू फार जड आहे, आणि असा जड अणू जवळ आला की रेणूने शोषलेली ऊर्जा प्रकाशाच्या वाटेने बाहेर न पडता दुसऱ्या वाटेने निघून जाते. थोडक्यात, पारा दिवा लावत नाही, तो विझवतो. म्हणून सुरुवातीचे बरेच शोधक रेणू 'विझणारे' होते. दिवा विझण्याला मात्र कारणे अनेक असतात. तांब्याचे आयन, लोहाचे आयन, गढूळपणा, रसायन जुने झालेले असणे, यांपैकी कशानेही चमक मंदावते. त्यामुळे पारा आल्यावर विझण्याऐवजी उजळणारा रेणू घडवणे हे या क्षेत्रातले खरे आव्हान होते.

त्याची एक वाट अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील अँथनी झार्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवली. त्यांनी अँथ्रॅसीन या चमकणाऱ्या रेणूला गंधक असलेला एक गट जोडला. गंधक जागेवर आहे तोवर चमक दबलेली राहते. पाण्यात मर्क्युरिक आयन (म्हणजे विद्युतभार असलेला, विरघळलेला पारा) आला, की तो ते गंधक ओढून काढतो, त्याच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि रेणू उजळतो. येथे पारा रेणूला नुसता चिकटत नाही, तो रेणूत कायमचा बदल घडवून आणतो. अशा रेणूंना केमोडोसिमीटर म्हणतात. पाऱ्याला गंधकाची ओढ किती, हे राल्फ पिअर्सन यांनी 1963 मध्ये मांडलेल्या कठीण आणि मृदू आम्ल-अल्कलींच्या तत्त्वावरून कळते. मर्क्युरिक आयन मृदू, गंधकही मृदू, म्हणून दोघांची गाठ घट्ट. पारा विषारी आहे तोही मुख्यतः याच ओढीमुळे. आपल्या शरीरातील प्रथिनांत सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते, त्याच्या टोकाला गंधक असते, आणि पारा नेमका तेथे जाऊन बसला की अनेक विकरांचे (एन्झाइमांचे) काम थांबते. विष ज्या ओढीने शरीरात शिरकाव करून बसते, त्याच ओढीला रसायनशास्त्रज्ञांनी पहाऱ्यावर नेमले, असे म्हणायला हरकत नाही.

यानंतरचा मोठा टप्पा रोडामाइनचा. रोडामाइन बी हे नाव आपल्या वाचकांना वेगळ्याच कारणाने आठवत असेल. 2024 च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडू सरकारांनी जत्रेतल्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली, ती त्यांत हे कापडाचे रंगद्रव्य सापडले म्हणून. खाण्यात ते नकोच. पण पारा शोधण्यासाठी त्यासारखा कच्चा माल क्वचितच मिळेल. रोडामाइनच्या रेणूत एक कडी अशी बनवता येते, की ती बंद असताना द्रावण पाण्यासारखे रंगहीन राहते आणि चमकही नसते. कडी उघडली की द्रावण गुलाबी होते आणि हिरव्या प्रकाशात धरल्यास केशरी झळकते. दक्षिण कोरियातील योन्से विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये या बंद कडीला गंधकयुक्त शेपूट जोडले. मर्क्युरिक आयन आला की ते गंधक खेचले जाते, शेपटाची नवी कडी बनते आणि त्या धक्क्याने रोडामाइनची कडी उघडते. हे खोलीच्या तापमानाला, जवळजवळ लगेच घडते. बातम्यांतील छायाचित्रांत जी केशरी कुपी दिसते, ती बहुतेक वेळा या घराण्यातली असते. पुढच्याच वर्षी त्याच रेणूच्या साह्याने जिवंत पेशींत आणि झेब्राफिश या इवल्या माशाच्या शरीरात शिरलेला पारा पाहता आला. जिवंत प्राण्यात पारा नेमका कोठे जाऊन बसतो, ते डोळ्यांनी दिसणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि माझ्या मते या रेणूंचे सर्वांत मोठे योगदान तेथेच आहे, विहिरीच्या काठावर नव्हे. दुसरी वाट जपानमधून आली. डीएनएमधील थायमिन या घटकाच्या दोन एककांमध्ये मर्क्युरिक आयन अगदी नेमका बसतो, हे हेरून अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी यांनी 2004 मध्ये डीएनएच्या धाग्याचाच पारामापक बनवला. त्यात गंधक लागत नाही, आणि निवडकपणा विलक्षण आहे.

आता आकड्यांकडे वळतो, कारण बातम्यांत नेमके तेच गाळले जातात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या 2012 च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम, म्हणजे एक मायक्रोग्रॅम, इतकाच चालतो. अमेरिकेची मर्यादा दोन मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य असेंद्रिय पाऱ्यासाठी सहा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आपले मानक या दोन्हींपेक्षा कडक आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती, तर जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असे. तेवढा पारा आयनांच्या रूपात दहा लाख लिटर पाण्यात मिसळला, तर ते पाणी या मर्यादेच्या काठावर येईल. शोधनिबंधांत मात्र प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये न देता मोलरमध्ये, म्हणजे लिटरमागे वजनाऐवजी अणू-रेणूंच्या संख्येवरून, देतात, आणि गफलत तेथे होते. पाऱ्याचा अणुभार सुमारे 200 धरला, तर एक मायक्रोग्रॅमची मर्यादा पाच नॅनोमोलर होते. एखादा शोधक रेणू 0.5 मायक्रोमोलर (म्हणजे 500 नॅनोमोलर) पारा ओळखतो, हे वाक्य ऐकायला मोठे नाजूक वाटते. हिशेब केला तर ते लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या शंभरपट. अशी पट्टी मर्यादेच्या पन्नासपट पारा असलेल्या पाण्यात बुडवली तरी ती मख्ख राहील, आणि पाहणारा निर्धास्त होऊन घरी जाईल. काही रेणू खरोखर नॅनोमोलरपर्यंत पोहोचतात, हे मान्य. पण ती शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, बहुधा प्रयोगशाळेतल्या प्रतिदीप्तीमापकावर आलेख काढून, गणिताने ठरवलेली असते. नुसत्या डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग पाहिला तर ती तेवढी खाली उतरत नाही. शिवाय अनेक रेणू निव्वळ पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून चाचणी निम्मे पाणी आणि निम्मे अॅसिटोनायट्राइल किंवा तत्सम द्रावकात केलेली असते. पाणीही बहुधा शुद्ध केलेले, आम्लता बांधून दिलेले, आणि त्यात पारा हाताने, मर्क्युरिक क्लोराइड किंवा परक्लोरेट म्हणून टाकलेला असतो.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाताने टाकलेला पारा मोकळा आयन असतो. नदीत, खाडीत, गटारात मात्र तो क्वचितच मोकळा राहतो. ज्या गंधकप्रेमामुळे तो कुपीतल्या रेणूकडे धावतो, त्याच प्रेमामुळे तो पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यातील गंधकाला, गाळातील सल्फाइडला, शेवाळाला, मातीच्या कणांना आधीच बांधला गेलेला असतो. समुद्राच्या पाण्यात तर क्लोराइड इतके असते, की पारा बहुतांशी क्लोराइडच्या संयुगांत अडकलेला राहतो. उल्हास नदीच्या खाडीसारख्या ठिकाणी भरतीला क्लोराइड चढते आणि ओहोटीला उतरते. म्हणजे त्याच जागी, त्याच दिवशी, तितकाच पारा असताना पट्टीचे उत्तर सकाळी एक आणि दुपारी दुसरे येऊ शकते. शोधक रेणू पाण्यातला एकूण पारा मोजत नाही; त्याच्या हाताला लागेल तेवढाच, मोकळा किंवा सैल बांधलेला मर्क्युरिक आयन मोजतो. कायद्याची मर्यादा एकूण पाऱ्याची आहे. या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि एकीचे उत्तर दुसरीचे म्हणून वाचता येत नाही.

उल्हासचे नाव उगाच घेतलेले नाही. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाडीच्या गाळाचा अभ्यास करून तेथे माणसाच्या उद्योगातून आलेला पारा साठल्याचे शोधनिबंधांत मांडले आहे. कॉस्टिक सोडा पूर्वी पाऱ्याच्या घटांत बनवत, आणि त्या सांडपाण्यातून पारा नदीत जाई. आता देशातला हा उद्योग पाऱ्याविना चालणाऱ्या मेम्ब्रेन तंत्राकडे वळला आहे, ही समाधानाची बाब. पण गाळात बसलेला पारा कारखान्यातले यंत्र बदलले म्हणून उठून जात नाही. त्या चिखलातच निवट्या नावाची छोटी मासळी राहते, आणि ठाण्याच्या खाडीकाठी ती आवडीने खाल्लीही जाते. अशा ठिकाणी वरच्या पाण्यात पट्टी बुडवून 'पारा नाही' असा निर्वाळा देणे म्हणजे चोर तळघरात असताना गच्चीवर टॉर्च मारण्यासारखे आहे.

गाळातल्या जिवाणूंच्या हाती लागलेल्या पाऱ्याचा काही भाग मेथिल मर्क्युरी या सेंद्रिय संयुगात बदलतो, आणि विषय आणखी गंभीर होतो. पाऱ्याची रूपे किती भिन्न आहेत, याची कल्पना नसलेले लोक 'पारा तो पारा' असे धरून चालतात. फुटलेल्या थर्मामीटरमधला धातुरूप थेंब चुकून गिळला गेला, तर तो बहुतांशी तसाच शरीराबाहेर पडतो. त्याची वाफ श्वासात जाणे अधिक वाईट. याउलट अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमेथिल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. ते रबरी मोज्यातून पार झाले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या स्वतः विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. बहुसंख्य शोधक रेणू मर्क्युरिक आयनासाठी घडवलेले आहेत. मेथिल मर्क्युरीला ते कमी दाद देतात किंवा देतच नाहीत, आणि माशात पारा असतो तो प्रामुख्याने मेथिल मर्क्युरीच्या, तोही प्रथिनांतील सिस्टीनला घट्ट जखडलेल्या रूपात. मासा धुऊन, शिजवून, तळून तो निघत नाही, आणि माशाच्या रसात पट्टी बुडवून तो दिसतही नाही.

जपानमधील मिनामाता येथे हेच घडले होते. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अॅसिटिलीनपासून अॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत, त्या प्रक्रियेतच मेथिल मर्क्युरी तयार होई आणि सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. कंपनीच्याच रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी 1 मे 1956 रोजी मज्जासंस्थेच्या अज्ञात रोगाची खबर आरोग्य कार्यालयाला दिली. तेथील कोळ्यांची कुटुंबे पाणी पिऊन आजारी पडली नव्हती, ती मासे आणि शिंपले खाऊन पडली. पाण्यात नगण्य वाटणारा मेथिल मर्क्युरी अन्नसाखळीतून वर चढत माशाच्या अंगात लाखो पट दाट होतो. हेही नमूद केले पाहिजे, की कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1959 मध्येच सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले होते, आणि सरकारने ते कारण अधिकृतपणे मान्य केले ते 1968 मध्ये. मोजण्याचे साधन असले तरी मोजलेले मान्य करण्यात नऊ वर्षे गेली. त्यामुळे स्वस्त पट्टी आली की प्रदूषण थांबेल, या आशावादात मी फारसा सहभागी होऊ शकत नाही.

प्रयोगशाळेत एकूण पारा कसा मोजतात, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे 'महागडी प्रयोगशाळा' नेमके काय करते, ते कळेल. आधी नमुना जोरदार ऑक्सिडीकारकाने पचवतात, म्हणजे पारा ज्या ज्या गोष्टीला बांधला आहे त्या सगळ्या गाठी तोडून त्याला मोकळा आयन करतात. मग स्टॅनस क्लोराइड घालून त्याचा धातू करतात, हवेच्या झोताने त्याची वाफ बाहेर काढतात आणि ती वाफ 253.7 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषते ते मोजतात. या सगळ्यात मोलाची पायरी पहिली आहे, पचनाची. पट्टीत नेमकी तीच गायब असते.

आणि त्याही आधी नमुन्याची बाटली येते. आमच्याकडे लोक नमुना आणत तो बहुधा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत, दोन-चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवून. पारा अशा बाटलीच्या भिंतीला चिकटतो, काही वाफ होऊन उडतोही. त्या नमुन्यात काही सापडले नाही की ग्राहक खूश होत, 'निल लिहून द्या' म्हणत. काचेची किंवा फ्लुओरोपॉलिमरची बाटली आम्लाने धुतलेली हवी, नमुना घेताच त्यात आम्ल घालायला हवे आणि झाकण घट्ट हवे, हे सांगितले की आम्ही धंदा वाढवण्यासाठी अडवतो आहोत, असा चेहरा समोर दिसे. जागेवरच चाचणी करणाऱ्या कुपीचा एक खरा फायदा येथे आहे, तो मोकळ्या मनाने मान्य करतो. प्रवासात पारा हरवण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही.

जागेवरच्या चाचणीला दुसरी एक अडचण आहे, आणि ती रात्री जांभळी टॉर्च घेऊन कोणत्याही नाल्याकाठी गेल्यास स्वतः पाहता येईल. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी रसायने घालतात, ती स्वतःच प्रतिदीप्त असतात. वस्तीतल्या सांडपाण्यावर अतिनील प्रकाश टाकला तर पारा नसतानाही ते निळसर चमकते. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे द्रव्यही निळ्याच पट्ट्यात उजळते. म्हणून निळी चमक देणारे शोधक रेणू नाल्याच्या पाण्यात फसण्याचा संभव अधिक, आणि हिरव्या प्रकाशात केशरी झळकणारे रोडामाइन त्या मानाने बरे. शिवाय गंधकावर बेतलेल्या काही रेणूंना चांदीचे आयनही फसवू शकतात, आणि ब्लीचिंग पावडर घातलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन गंधकावरच हल्ला करतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'इतर धातूंचा अडथळा नाही' असे लिहिलेले असते. क्लोरीनचे काय, साबणाचे काय, हे प्रश्न तेथे येत नाहीत.

या अडचणी संशोधकांना ठाऊक नाहीत असे कोणी समजू नये. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात काझुनोरी कोइदे यांच्या गटाने 2008 मध्ये गंधक पूर्णपणे टाळून, पाऱ्याच्या दुसऱ्याच एका जुन्या रासायनिक खोडीवर रेणू बेतला. कार्बनच्या तिहेरी बंधावर पाऱ्याच्या मदतीने पाणी चढते, ती ही खोड. गंधक नसल्यामुळे हा रेणू ऑक्सिडीकारकापुढे टिकतो. म्हणजे आधी नमुना पचवून पारा मोकळा करावा आणि मग त्याच भांड्यात चमक पाहावी, हे शक्य होते. ज्याला प्रत्यक्ष नमुने हाताळण्याची चिंता आहे, तोच असा विचार करतो. माझा आदर अशा कामाला आहे, 'आणखी एक नवा निवडक रेणू' जाहीर करणाऱ्या निबंधांच्या रांगेला तेवढा नाही. आपल्याकडील विद्यापीठांत आणि आयआयटींत या विषयावर भरपूर पीएच.डी. होतात, रेणू सुंदर घडवले जातात, पण प्रबंधातील 'प्रत्यक्ष नमुने' हे प्रकरण पुष्कळदा विभागातल्या नळाच्या पाण्यात पारा टाकून उरकलेले असते. मुंबई, ठाणे, कल्याणच्या महाविद्यालयांना उल्हासची खाडी लोकलच्या अंतरावर आहे. तेथला गाळ, भरतीचे पाणी, ओहोटीचे पाणी आणि एखादी निवटी, यांवर आपला रेणू आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील पद्धत शेजारीशेजारी लावून दोन्ही आकडे छापले, तर तो प्रबंध समाजाच्या खरोखर उपयोगी पडेल. आकडे जुळले नाहीत तरी पडेल.

मग या रसायनांचा उपयोग करायचाच नाही का? जरूर करावा, पण जागा ओळखून. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या दहापट आहे. पारा हाताळणाऱ्या एखाद्या कारखान्यात प्रक्रिया केलेल्या पाण्यात अचानक पारा उसळला, तर तो बराचसा असेंद्रिय असतो, प्रमाण मोठे असते आणि वेळ महत्त्वाची असते. तेथे तासातासाला कुपी पाहणारा पहारेकरी फार कामाचा आहे. फुटलेल्या ट्यूबलाइट व सीएफएल दिव्यांच्या ढिगाऱ्यातून झिरपणारे पाणी, भंगाराच्या गोदामाजवळची विहीर, अशा संशयित जागांची पहिली चाळणी करायलाही ती उपयोगी पडेल. शंभर नमुन्यांतून कोणते दहा प्रयोगशाळेत आधी पाठवायचे, हे ती सांगू शकते. उरलेले नव्वद स्वच्छ आहेत, असे ती सांगू शकत नाही, म्हणून त्यांतलेही काही नमुने अधूनमधून प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत.

2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेट्या वापरायचे शिक्षण देण्याची योजना आहे. ते काम मला मनापासून आवडते. क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांच्या चाचण्या त्या पेटीत शोभतात, कारण हे घटक मिलिग्रॅममध्ये असतात आणि पाण्यात बऱ्याच अंशी मोकळे असतात. पारा त्या पंगतीतला नव्हे. तो हजारपट कमी प्रमाणात घातक ठरतो आणि लपून बसतो. उद्या कोणी विक्रेता पाऱ्याची पट्टी घेऊन पंचायतीच्या दारात आला, तर सरपंचांनी त्याला विचारावे, की शोधमर्यादा लिटरमागे किती मायक्रोग्रॅम आणि ती डोळ्यांनी की यंत्रावर. आमच्याच विहिरीच्या पाण्यात एक मायक्रोग्रॅम पारा घालून पट्टी आमच्यासमोर उजळवून दाखवाल का. मेथिल मर्क्युरी दिसतो का. आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात काय होते. यांपैकी दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक बोलणी संपतील, असा माझा अंदाज आहे. ज्या विक्रेत्याची पट्टी त्यात उतरेल, तिचे मी स्वागत करीन.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि आरोग्य विभागाला विनंती अशी, की जागेवरच्या पारा-चाचण्यांसाठी एक साधी पात्रता आधी ठरवून जाहीर करावी आणि ती पार केल्याशिवाय शासकीय पैशातून खरेदी होऊ देऊ नये. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा पाऱ्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आपण जगापुढे स्वीकारलेली आहे. खाडीच्या बाबतीत पाण्यापेक्षा गाळ आणि मासळी यांचे नियमित मोजमाप हवे, आणि त्याचे आकडे कोळीवाड्यांतील लोकांना मराठीत, त्यांना उमजेल अशा रीतीने मिळायला हवेत. आकडे समाधानकारक असतील तर मासळी विकणाऱ्या बायकांना ते हक्काने सांगता येतील. नसतील, तर ते दडवून त्यांचे भले होणार नाही. वृत्तपत्रांनाही एक सुचवतो. अशी बातमी छापताना त्या रेणूची शोधमर्यादा आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा हे दोन आकडे एकाच एककात, एकाच वाक्यात द्यावेत. जागा जेमतेम एका ओळीची लागेल.

जाता जाता वापरलेल्या कुप्यांबद्दल. चाचणी झाल्यावर कुपीत पारा उरतोच. तुलनेसाठी सोबत दिलेल्या प्रमाणित द्रावणात तर तो मुद्दाम घातलेला असतो, आणि नमुन्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. ही द्रावणे पंचायतीच्या मोरीत ओतली गेली, तर आपण पारा शोधण्याच्या नावाखाली तोच पाण्यात सोडू. म्हणून पेट्या विकणाऱ्याने वापरलेल्या कुप्या परत नेण्याची अट खरेदीच्या करारातच घालावी, आणि परत नेलेल्या कुप्यांची नोंद पंचायतीच्या दप्तरी ठेवावी.

आपला,
एक निवृत्त रसायन विश्लेषक,
कल्याण